ते ताक नव्हतं

यमुनाक्का मैदानावर यायच्या तेव्हा गळ्यात शिट्टी असायची आणि उजव्या हातात दुधाचा तूक्कु. तूक्कु म्हणजे कडी आणि घट्ट झाकण असलेला स्टीलचा डबा. तंजावुरात दूध, ताक, सांबार सगळं त्यातूनच एका घरून दुसऱ्या घरी जातं. शाळेत नव्यानं आलेल्या मुलींना वाटायचं, पी.टी.च्या मिसना मॅचच्या मध्ये कॉफी लागत असेल. एखादी तहानलेली मुलगी धीर करून विचारायची, "मिस, थोडं दूध?" यमुनाक्का झाकणावर पंजा ठेवायच्या. "हें प्यायचें नाहीं. हें दातांचें आहे."

मुलगी मागे सरायची. मैत्रिणी तिला बाजूला नेऊन समजावायच्या, की हॉकी खेळताना कुणाचा दात मुळासकट पडला तर तो या दुधात टाकून डॉक्टरकडे न्यायचा असतो. तासाच्या आत नेला तर तो परत लागतो. नव्या मुलीचा विश्वास बसायचा नाही. पण तोवर यमुनाक्कांनी अकराही जणींना बाकावर बसवून "तोंड उघडा" म्हटलेलं असायचं. त्या रांगेनं दात बघत जायच्या, च्युइंगगम थुंकायला लावायच्या आणि प्रत्येकीनं दातांवरचं रबरी कवच नीट चढवलंय ना, ते बोटानं दाबून पाहायच्या. मुली त्या कवचाला घोड्याचा लगाम म्हणत आणि संधी मिळाली की काढून मोज्यात खुपसत.

"पडला तर रडायचें नंतर," त्या बजावायच्या. "आधी तो कोठें पडला तें पाहायचें. उचलायचा तो डोक्याला धरून. आपण साऱ्या जगाच्या पायाला हात लावतों, दाताच्या पायाला लावायचा नाहीं. पुसायचा नाहीं, घासायचा नाहीं. आणि दुधाचा दात असेल तर सोडून द्यायचा, तो जाणाराच असतो." मग शिट्टी.

मॅच संपली आणि सगळ्यांचे दात जागच्या जागी असले की तो तूक्कु शाळेच्या स्टाफरूममध्ये यायचा. यमुनाक्का स्वतः दूध तापवून कॉफी करायच्या, दोन भांड्यांत उंचावरून ओतून फेस आणायच्या. आमच्या शाळेत मॅच जिंकलो की हरलो हे कुणी विचारत नसे. "कॉफी झाली का?" असं विचारत.

मला कॉफी देताना त्या हमखास म्हणायच्या, "घे पद्मा. तुझ्याजवळ ताक असतें, माझ्याजवळ दूध." सगळे हसायचे. मीही हसायची. वीस वर्षं मी त्या वाक्याला हसले. ते कुठून आलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यात खोटं काय आहे हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

मी त्या शाळेत गणित शिकवायची. आमची दोघींचीही घरं तंजावूरच्या जुन्या मराठी घरांपैकी. यमुनाक्का माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांची मराठी तोंडातली, पणजोबांच्या वेळची, मध्येच तमिळ शब्द येऊन बसणारी. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. माझे वडील रेल्वेत होते, त्यामुळे सातवीपर्यंत मी सोलापुरात शिकले आणि लिहायला-वाचायला आलं. म्हणजे हे मी त्यांच्या हयातीत लिहिलं असतं, तरी त्यांना वाचून दाखवावं लागलं असतं. तेवढं धाडस मी केलं असतं का, सांगता येत नाही. मी मुळात कमी बोलणारी. लोक त्याला शालीनता म्हणतात.

ते ताकाचं आता सांगते.

माझं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासूबाईंनी अकरा प्रदोषांचं व्रत धरायला लावलं. आमच्याकडे प्रदोषाला संध्याकाळी शंकराच्या देवळात नंदीला दुधाचा अभिषेक होतो. दर प्रदोषाला घरून सोवळ्यातलं दूध न्यायचं, एकही चुकवायचा नाही. दहा झाले होते. अकराव्याच्या दिवशी नेमकी शाळेची मॅच, तिरुवैयारुच्या रस्त्यावरच्या एका मैदानावर. मुलींबरोबर दोन शिक्षिका लागतात, दुसरी मी. मैदानावरून थेट देवळात जायचं ठरवून मी दुधाचा तूक्कु बरोबरच घेतला. सासूबाईंनी झाकणाखाली केळीचं पान घातलं होतं आणि सांगितलं होतं, "कोणाचा हात लागूं देऊं नको."

त्या वेळी शाळेत लगाम नव्हते, दातांचं दूधही नव्हतं. ते सगळं त्या दिवसानंतर आलं.

सेल्वी नववीत होती. डेल्टातल्या एका खेड्यातून पहाटेच्या बसनं यायची. अशी पळायची की समोरच्या संघातल्या मुली तिला अडवण्याऐवजी बघत राहायच्या. जिल्ह्याच्या संघात तिचं नाव जवळजवळ नक्की होतं. उत्तरार्धात कुणाची तरी काठी वर उचलली गेली आणि सेल्वी तोंड धरून खाली बसली. बोटांतून रक्त. वरचा पुढचा दात मुळापासून निघाला होता.

यमुनाक्का मातीत गुडघ्यांवर रांगत होत्या. एका दंतवैद्यानं त्यांना कधीतरी समजावून सांगितलं होतं, ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. दात सापडला. त्यांनी तो जागेवर बसवायचा प्रयत्न केला, पण सेल्वी जबडा घट्ट मिटून हुंदके देत होती. ओठ सुजत चालले होते. "दूध," यमुनाक्का ओरडल्या, "कोणाजवळ दूध आहे?" एक मुलगी रस्त्याकडच्या टपरीवर पळत गेली आणि परत आली. सकाळचं दूध संपलं होतं, दुपारचं आलं नव्हतं. मग यमुनाक्कांची नजर माझ्या पायाशी ठेवलेल्या तूक्कुवर गेली.

"पद्मा, त्यांत काय आहे गे?"

मला विचार करायला वेळ नव्हता असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. वेळ होता. एका श्वासाएवढा, पण होता. तोंडातून पडलेली वस्तू उष्टी. अंगापासून सुटलेला केस, कापलेलं नख, पडलेला दात यांना आमच्या घरात थारा नाही, मग देवाच्या दुधात कुठला? अकरावा प्रदोष. पाच वर्षं. मी म्हणाले, "ताक आहे अक्का."

"ताक चालत नाहीं," त्या म्हणाल्या आणि वळल्या. झाकण उघडून पाहावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. मी खोटं बोलेन असं वाटण्याइतकी मी कधी बोललेच नव्हते.

दात रुमालात गेला. यमुनाक्का सेल्वीला घेऊन रिक्षात बसल्या. पुलावर दोन बस समोरासमोर अडकलेल्या होत्या. दवाखान्यात पोचायला सव्वा तास लागला. डॉक्टरांनी दात बसवला, तारेनं बांधला आणि म्हणाले, "कोरडा आणलात. बघू या."

मी बाकीच्या मुलींना बसमध्ये बसवून दिलं आणि देवळात गेले. माझं दूध इतरांच्या दुधात मिसळून नंदीच्या कपाळावरून, नाकावरून, मिटलेल्या तोंडावरून ओघळलं. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. गौरी. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. आता कुणाला काय सांगायचं होतं? सांगितलं तर माझी लेक कशाच्या बदल्यात आली, असा हिशेब मलाच मांडावा लागला असता.

सेल्वीचा दात दीडेक वर्ष टिकला. बाहेरून चांगला दिसत होता, आत मूळ विरघळत गेलं. शेवटी डॉक्टरांनी काढला आणि काढता-घालता येईल असा खोटा दात दिला. पोंगलला तिच्या गावात मुलं अख्खा ऊस पुढच्या दातांनी सोलून खातात. त्या वर्षी तिच्या आईनं तिच्यासाठी ऊस सुरीनं तुकडे करून ताटलीत ठेवला. तिनं ताटलीला हात लावला नाही. हे तिनं यमुनाक्कांना सांगितलं आणि यमुनाक्कांनी मला. सेल्वी हसताना तळहात तोंडावर ठेवायला लागली, मग हसायचीच थांबली. वडिलांनी खेळ बंद केला.

दर रविवारी यमुनाक्का मला मोपेडवर मागे बसवून त्या खेड्यात जायच्या. मला कशाला न्यायच्या? "तू गप्प बसतेस, तें बरें दिसतें," म्हणायच्या. सेल्वीचे वडील कालव्याच्या काठी उभे राहूनच आमच्याशी बोलत. घरात बोलावत नसत.

"टीचर, तिच्या तोंडाचं व्हायचं ते झालं," ते म्हणाले. "उरलेले दात तरी राहू द्या."

"सत्तावीस उरले आहेत. मी मोजलेत. सत्तावीसच्या सत्तावीस परत आणून देईन, हवं तर लिहून देते."

"आणि हसणं? तेही लिहून द्याल?"

यमुनाक्कांनी मोपेड वळवली. आम्ही परत आलो.

चौथ्या रविवारी सेल्वी दाराशी उभी होती, ओढणीचं टोक ओठांशी धरून. वडील पुन्हा तेच म्हणाले, आणि आता लग्नाचंही काढलं. पुढचा दात नसलेल्या मुलीला कोण करून घेणार? यमुनाक्कांनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली, तोंडात दोन बोटं घातली आणि आपला वरचा दात काढून तळहातावर ठेवला. आठ वर्षं मी त्यांच्याबरोबर काम करत होते, मला ठाऊक नव्हतं. मग त्या हसल्या. तेवढी मोठी खिंड घेऊन, सगळं तोंड उघडून.

"माझा विसाव्या वर्षी गेला," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, 'स' आणि 'श'ची सरमिसळ होत होती. "बॉल लागला. बघा, पगार मिळतो, झोप लागते, मुरुक्कु कडाकडा खाते."

"लग्न?" वडिलांनी विचारलं.

"एकजण आला होता बघायला. मीच नको म्हटलं. त्याचे दात वाईट होते."

आधी कालव्यापलीकडची एक म्हातारी हसली. मग वडील. मग दाराशी काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला आणि सेल्वी ओढणी सोडून हसत होती. मी पिशवी धरून उभी होते. त्या क्षणी सांगायला हवं होतं, सगळे हसत असताना. मी पिशवीचे बंद नीट केले.

सेल्वी परत खेळायला लागली. यमुनाक्कांनी तिला दवाखान्यात नेऊन तिच्या मापाचा लगाम करून घेतला, मग हळूहळू सगळ्याच मुलींचे झाले. आणि दुधाचा तूक्कु सुरू झाला तो तेव्हाच. "त्या दिवशी दूध नव्हतें," त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, "पुन्हा नाहीं म्हणायची पाळी यायला नको." पाकिटातलं थंड दूध, न तापवलेलं. मॅच नसली, नुसता सराव असला तरी. पुढच्या काळात तीन दात त्या दुधातून दवाखान्यात गेले. दोन लागले. न लागलेल्या तिसऱ्याचा त्यांना त्या मुलीपेक्षा जास्त घोर होता.

घरी गौरीचे दुधाचे दात पडायला लागले. आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येक दात शेणात गुंडाळून कौलांवर फेकायचा. सासूबाई कौतुकानं फेकायला लावायच्या. मी दर वेळी आत जायची.

सेल्वी खेळाच्या कोट्यातून पोलिसांत लागली. आता सब-इन्स्पेक्टर आहे. रविवारी सकाळी ती आमच्या जुन्या मैदानावर मुलींना शिकवते. यमुनाक्का निवृत्त झाल्यावरही तिथे जायच्या, तूक्कु घेऊन, कडेच्या दगडावर बसायला. मग त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. मेल वीथीच्या मागच्या गल्लीत त्या एकट्याच राहायच्या. दर गुरुवारी मी जायची. त्या कॉफी करायच्या, आम्ही बोलायचो, म्हणजे त्या बोलायच्या.

एका गुरुवारी त्यांनी फडताळातून तो तूक्कु काढला. कडी एका बाजूनं झिजली होती. "मला आता मैदानापर्यंत चालवत नाहीं," त्या म्हणाल्या. "हा तू ने. रविवारी सेल्वीकडे जात जा." तूक्कु माझ्या हातात देऊन त्या मिश्किल हसल्या. "मात्र ताक भरूं नको गे."

मी म्हणाले, "अक्का, ते ताक नव्हतं."

"काय?"

"त्या दिवशी. सेल्वीचा दात पडला त्या दिवशी. ते दूध होतं. प्रदोषाचं."

मग त्यांनी विचारलं, "किती होतें?"

"अर्धा लिटर."

"थंड?"

"हो. केळीच्या पानाखाली."

त्यांनी तूक्कु माझ्या हातातून परत घेतला, फडताळात ठेवला आणि दार लावलं. "जा तू," त्या म्हणाल्या. "आज कॉफी नाहीं."

त्या आठवड्यात मी शाळेत फळ्यावर साधी बेरीज चुकले. गौरीनं विचारलं, "अम्मा, बरं नाही कां?" तिला काही सांगितलं नाही. पण गुरुवारी पाय तिकडेच वळले. दार उघडंच होतं. यमुनाक्का झोपाळ्यावर बसल्या होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "आठ दिवस मी विचार केला. मला राग आला आहे. तो राहूं दे, मी म्हातारी आहें, तो फार दिवस पुरायचा नाहीं. तूं नंदीला दिलेंस ना तें दूध? त्याला विचारलें असतेंस तर त्यानें दिलें असतें. बैलाला दातांचें मोल कळतें. बाजारात त्याचे दात पाहूनच तर घेतात." एवढं बोलून त्या थांबल्या, दम लागला होता. "आतां मी तुला माफ केलें म्हणेन आणि तूं बरें वाटून घरी जाशील. तें नको. दात माझा नव्हता. सेल्वीचा होता. तिला सांग."

"सांगते."

"कधी?"

"सांगते अक्का."

"तुझ्या 'सांगतें'ला बावीस वर्षें लागतात," त्या म्हणाल्या आणि कॉफी करायला उठल्या. मी त्यांना बसवलं आणि स्वतः केली. फेस नीट आला नाही. त्यांनी तरीही पेला पूर्ण संपवला.

मी सेल्वीला सांगितलं नाही. दोन रविवार गेले, तीन गेले. एकदा मैदानाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. मग एका पहाटे शेजारणीचा फोन आला. यमुनाक्का झोपेतच गेल्या होत्या.

दहाव्या दिवशी त्यांच्या घरी चाळीस-पन्नास बायका होत्या, सगळ्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, काही कडेवर मुलं घेऊन. कुणाला कुठला डोस मिळाला, कुणाचा लगाम मोज्यात सापडला, हेच चाललं होतं. सेल्वी गणवेशातच आली होती, ड्यूटीवरून. मागच्या अंगणात नळाशी ती भांडी घासायला बसली आणि मी विसळायला. फडताळातली भांडीही कुणीतरी बाहेर आणून ठेवली होती, त्यात तो तूक्कु होता. सेल्वीनं तो उचलला. मी नळ बंद केला आणि सांगितलं. प्रदोष, व्रत, ताक म्हणाले ते, देवळात गेले ते, सगळं. कारणं सांगताना ती सबबीसारखी ऐकू येत होती, म्हणून मध्येच थांबले आणि म्हणाले, "दूध होतं आणि मी दिलं नाही."

सेल्वी तूक्कुच्या बुडाला राख चोळत राहिली.

"मिस," ती म्हणाली, "मला वाटायचं यमुना मिसनी उशीर केला. सरळ मोठ्या रस्त्यानं न्यायला हवं होतं, पुलावरून कशाला नेलं. एवढं सगळं त्यांनी माझ्यासाठी केलं, तरी मनात कुठेतरी ते होतंच. कधी बोलले नाही." तिचा आवाज पोलिसांतल्या बाईचा राहिला नव्हता. "आता मी त्यांना कसं सांगू?"

माझ्या एका शब्दानं एक दात गेला, एवढाच हिशेब मी इतकी वर्षं धरून बसले होते. तो शब्द अजून कुठे कुठे पोचला, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

तिनं नळ सोडला, तूक्कु धुतला, पालथा करून झटकला. "तुम्हाला मुलगी झाली ना त्यानंतर?"

"हो. गौरी. एकवीस वर्षांची आहे."

"दात चांगले आहेत?"

"हो."

"बरं," सेल्वी म्हणाली. त्यात काय होतं मला कळलं नाही, अजूनही कळत नाही. तिनं ओला तूक्कु माझ्या हातात दिला. "रविवारी सहा वाजता या. दूध तुम्ही आणायचं. दर रविवारी."

त्याला आता दीड वर्ष होईल. एकही रविवार चुकलेला नाही. सुरुवातीचे महिने सेल्वी माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी दगडावर बसायची, मुली तोंडं उघडून समोर यायच्या, मी लगाम दाबून बघायची. यमुनाक्कांची वाक्यं मला पाठ होती, पण मोठ्यानं म्हणायला जीभ वळायला वेळ लागला. पहिल्यांदा "दाताच्या पायाला हात लावायचा नाही" म्हणाले तेव्हा मुली खिदळल्या. मला बरं वाटलं. सराव संपला की मैदानाच्या खोलीत सेल्वी स्टोव्ह पेटवायची, दूध माझं, पूड तिची. आम्ही कॉफी घ्यायचो.

गेल्या मार्गशीर्षात, थंडीच्या दिवसांत, कयल नावाच्या आठवीतल्या मुलीनं पाणी प्यायला लगाम काढला आणि तशीच मैदानात गेली. चेंडू उसळला. मी शिट्टी ऐकली. माझे हात आधीच झाकण फिरवत होते. मुली मातीत वाकल्या होत्या. "पाऊल टाकू नका, बघत बघत या," मी म्हणाले, आणि तो आवाज माझा होता. एकीनं दात दाखवला. डोक्याला धरून मी तो उचलला. माती लागली होती, माझं बोट ती पुसायला निघालं होतं, ते आवरलं. दात दुधात सोडला. पांढऱ्या दुधात रक्ताची एक बारीक रेघ उठली आणि विरली.

कयल रडत होती. "मिस, हा माझा शेवटचा होता? परत नाही येणार?" तिनं विचारलं. सेल्वी तिच्या समोर उकिडवी बसली आणि जबडा उघडून स्वतःचा खोटा दात काढून दाखवला. कयल रडायची थांबली, घाबरून की आश्चर्यानं, कोण जाणे. मग जीपमधून दवाखाना. मी मागच्या सीटवर एका हातानं कयलला आणि दुसऱ्या हातानं तूक्कु धरून. बावीस मिनिटं. डॉक्टर आता वेगळे, तरुण आहेत. त्यांनी तूक्कुत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "वा, ओला आणलात." दात बसवला, बांधला, पुढच्या खेपा सांगितल्या. अजून वर्षभर लक्ष ठेवायचं म्हणाले, पण आजपर्यंत तो घट्ट आहे. पोंगलला तिनं ऊस सुरीनं कापून खाल्ला आणि तुकड्यांचा डबा मलाही आणून दिला.

त्या दिवशी कयलला तिच्या आईच्या ताब्यात देऊन आम्ही मैदानावर परतलो तेव्हा नऊ वाजले होते. मुली घरी गेल्या होत्या. काठ्या भिंतीशी नीट लावून ठेवलेल्या होत्या. सेल्वीनं स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं, पूड घातली आणि सवयीनं माझ्याकडे हात केला.

"मिस, दूध?"

मी तूक्कु उघडून तिच्यापुढे धरला. तळाशी गुलाबी थेंब होते.

"नाही," मी म्हणाले.

तिनं आत पाहिलं. मग दोन पेल्यांत काळी कॉफी ओतली, उंचावरून, फेस येणार नव्हता तरी. एक माझ्यासमोर ठेवला आणि त्यात साखर जरा जास्त घातली.